कर्करोगाचे मर्मस्थान

१९५०चे दशक सरत आले असताना अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल हे डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी तपासत होते. काचपट्टीवरच्या पेशी त्यांनी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. पाणी आत शिरून पेशी फुगल्या आणि एरवी एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रे सुटी-सुटी दिसू लागली. गुणसूत्रांचा अभ्यास करणारे डेव्हिड हंगरफोर्ड त्यांच्या जोडीला आले आणि १९६० मध्ये दोघांनी एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘सीएमएल’ म्हणतात, त्या रक्तकर्करोगाच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा ठेंगणे दिसते, असे त्यात म्हटले होते. शहराच्या नावावरून ते ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ झाले. एका विशिष्ट कर्करोगात सातत्याने आढळणारा जनुकीय दोष जगाने पहिल्यांदा पाहिला, तो हा.

ठेंगणे म्हणजे तुकडा गेला. पण गेला कुठे? हे कळायला आणखी बारा-तेरा वर्षे लागली. शिकागोच्या जॅनेट रॉली गुणसूत्रांची छायाचित्रे घरी आणून जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापत आणि जोड्या लावत बसत. आई कागदाच्या बाहुल्या खेळते आहे, अशी मुले थट्टा करीत. त्या कात्रणांतून १९७३ साली त्यांनी दाखवून दिले, की तुकडा हरवलेला नाही. बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्यावर जाऊन बसला होता आणि नवव्याचा बाविसाव्यावर आला होता. या अदलाबदलीत नवव्यावरचे ‘एबीएल’ आणि बाविसाव्यावरचे ‘बीसीआर’ ही दोन जनुके तुटून एकमेकांना चिकटली होती आणि त्या जोडजनुकातून निसर्गात कधीच नसलेले एक प्रथिन तयार होत होते.

एबीएल हे मुळात साधे, गरजेचे प्रथिन. पेशीला बाहेरून निरोप आला, की ते क्षणभर जागे होते, एटीपी या ऊर्जावाहक रेणूतला फॉस्फेटचा गट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चढवते आणि पुन्हा झोपते. अशा प्रथिनांना कायनेज म्हणतात. माणसाच्या शरीरात ती पाचशेहून अधिक प्रकारची आहेत. जोडजनुकातून आलेले एबीएल मात्र झोपतच नाही. ‘वाढा, विभागा, मरू नका’ असा हुकूम ते अहोरात्र सोडत राहते. एरवी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. सीएमएलमध्ये त्या लाखाच्या वर जातात.

इथपर्यंतची गोष्ट रोगाच्या ताकदीची झाली. या लेखाचा विषय तिची दुसरी बाजू आहे. ज्या बदलाने पेशीला ताकद दिली, त्याच बदलावर ती पेशी हळूहळू पूर्णपणे विसंबून राहते. निरोगी पेशीला जगण्याचे इशारे अनेक दिशांनी मिळत असतात. एक थांबला तर दुसरे असतात. कर्कपेशी एकाच मोठ्या आवाजाच्या आज्ञेत वाढलेली असते आणि तिच्या बाकीच्या यंत्रणा त्या आवाजाशी जुळवून घेऊन बदललेल्या असतात. तो आवाज एकदम बंद केला तर ती नुसती थबकत नाही, मरते. जगण्याचे इशारे झपाट्याने विरतात आणि मरणाचे इशारे थोडे मागे रेंगाळतात, म्हणून असे घडत असावे, हे त्याचे एक स्पष्टीकरण. अमेरिकी संशोधक बर्नार्ड वाइनस्टीन यांनी २००२ मध्ये या परावलंबनाला व्यसन म्हटले. मला हा शब्द चपखल वाटतो. ज्याच्या जोरावर मिरवायचे, तेच काढून घेतले तर कोसळायचे.

स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सीबा-गायगी कंपनीतले निकोलस लायडन, अ‍ॅलेक्स मॅटर आणि रसायनशास्त्रज्ञ युर्ग झिमरमन कायनेज थांबवणारे रेणू शोधत होते. बहुतेक जाणकारांना हा खटाटोप वेडेपणाचा वाटत होता. सगळी कायनेज प्रथिने एटीपी ज्या खाचेत धरतात, ती खाच जवळपास सारखीच असते. मग एकाला थांबवणारे औषध पाचशेंना थांबवणार आणि रुग्णाला मारणार, असा त्यांचा हिशेब. पण एबीएल झोपलेले असताना त्याचा घाट इतरांहून बराच वेगळा असतो. बाझेलमध्ये तयार झालेला रेणू नेमका त्या झोपलेल्या अवस्थेत प्रथिनाला धरून ठेवतो. त्याचे नाव इमॅटिनिब. ऑरेगॉनच्या ब्रायन ड्रकर यांनी तो सीएमएलच्या पेशींवर लावून पाहिला, कंपनीच्या मागे लागून १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू करवली आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांची रक्तातली पेशीसंख्या पूर्ववत झाली होती, तीही गोळ्या घेऊन. कर्करोगाच्या औषधांच्या इतिहासात असा आकडा क्वचितच वाचायला मिळतो. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पुढे मोठ्या चाचणीत इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते.

या गोळीची कथा आपल्याकडे मुंबईतून आणि दिल्लीतून गेली. नोव्हार्टिसने, म्हणजे सीबा-गायगीच्या विलीनीकरणातून बनलेल्या कंपनीने, औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट मागितले. त्याला विरोध करणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्थाही होती. मूळच्या औषधाचा महिन्याचा खर्च त्या काळी सव्वा लाखाच्या घरात होता आणि भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. जुन्या रेणूचे नवे रूप उपचाराच्या गुणकारकतेत भर घालत नसेल, तर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (ड) प्रमाणे ते नवे संशोधन ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा. कंपनी गरजू रुग्णांना औषध मोफत देत होती, हेही नोंदवायला हवे. तरीही आज गावोगावचे सीएमएलचे रुग्ण दुकानातून गोळी घेऊन कामाला जातात, त्यात त्या निकालाचा वाटा मोठा आहे.

सीएमएल हा तसा सरळ शत्रू. एक दोष, एक औषध. फुप्फुसाचा कर्करोग तितका सरळ नाही. जेफिटिनिब हे औषध २००३ साली अमेरिकेत आले, तेव्हा पाश्चात्त्य रुग्णांपैकी जेमतेम दहा टक्क्यांच्या गाठी आकसल्या. पण ज्यांच्या आकसल्या, त्यांच्या काही दिवसांत आकसल्या. त्यांत बायका अधिक, कधीच न धूम्रपान केलेले अधिक, आशियाई अधिक. २००४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी कोडे सोडवले. या रुग्णांच्या गाठीत, जेफिटिनिब ज्याला थांबवते त्या ईजीएफआर या कायनेजच्या जनुकात ठराविक जागी बदल झालेले होते. त्यांतला एक बदल ८५८व्या जागेवरच्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या ठिकाणी आर्जिनिन आणतो. त्याने प्रथिन अखंड जागे राहते, पण एटीपीवरची त्याची पकड सैल होते आणि जेफिटिनिब मात्र त्याला मूळ प्रथिनापेक्षा सुमारे वीसपट घट्ट चिकटते. म्हणजे गाठीने वाढीसाठी जो बदल केला, त्यानेच औषधाला आत घेतले. एका जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलते आणि दुधारी शस्त्र तयार होते, याचे मला आजही नवल वाटते.

भारतात फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात ईजीएफआरचे बदल साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत सापडतात. युरोप-अमेरिकेपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर केलेली चाचणी २०२०मध्ये छापून आली. नुसत्या जेफिटिनिबवर रोग साधारण ८ महिने आटोक्यात राहिला. त्याला दोन केमोथेरपी औषधांची जोड दिल्यावर १६ महिने. त्रासही वाढला, हे खरे. पण भारतात स्वस्त मिळणाऱ्या औषधांतून एवढा फरक काढून दाखवणे ही मोठी गोष्ट होती, आणि तिची दखल जगभर घेतली गेली.

आटोक्यात ‘राहिला’ असे म्हणावे लागते, कारण गाठ स्वस्थ बसत नाही. अब्जावधी पेशींच्या गर्दीत एखादीच्या ईजीएफआरमध्ये ७९०व्या जागी आणखी एक बदल झालेला असतो. त्याने एटीपीवरची गमावलेली पकड परत येते आणि औषधाचा वरचष्मा संपतो. औषध बाकीच्या पेशींना मारते, ही एक मागे राहते आणि तिची संतती गाठ पुन्हा भरून काढते. जेफिटिनिब निकामी झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत हाच बदल सापडतो. त्यासाठी ओसिमर्टिनिब आले. ते प्रथिनाच्या ७९७व्या जागेवरच्या सिस्टिनला कायमचे जखडते. मग काही गाठींत ते सिस्टिनच बदलले. सीएमएलमध्येही एबीएलच्या ३१५व्या जागेवरच्या बदलाने इमॅटिनिब हरते आणि पोनाटिनिबला यावे लागते. हा पाठशिवणीचा खेळ अजून चालूच आहे.

आतापर्यंतची औषधे गाठीत जे जास्तीचे आहे त्याला थांबवणारी. पण पुष्कळ कर्करोगांत जनुक जास्त काम करत नाही. ते मोडून पडलेले असते. जे प्रथिन तयारच होत नाही, त्याला औषध थांबवणार कसे? उत्तर कर्करोगाच्या दवाखान्यात नव्हते, फळमाशीत होते. १९२२ मध्ये कॅल्व्हिन ब्रिजेस यांना फळमाशीत असे दोन जनुकदोष आढळले, की कोणताही एक असला तर माशी जगते आणि दोन्ही एकत्र आले तर मरते. १९४६ मध्ये थिओडोशियस डोब्झान्स्की यांनी या घटनेला नाव दिले. मराठीत तिला जोडघात म्हणता येईल. १९९७ मध्ये सिअ‍ॅटलचे लीलंड हार्टवेल आणि सहकाऱ्यांनी सुचवले, की गाठीने एक जनुक आधीच गमावले असेल, तर तिच्यावरचे औषध त्या जनुकाच्या जोडीच्या दुसऱ्या जनुकात शोधावे.

ही कल्पना फळाला आली ती बीआरसीए जनुकांत. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाचा माग सतराव्या गुणसूत्रापर्यंत काढला. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ ही जनुके हाती आली. दोन्ही डीएनएची दुरुस्ती करतात. डीएनएचे दोन्ही पदर एकाच जागी तुटले, तर शेजारच्या अखंड प्रतीवरून पाहून बिनचूक जोडण्याचे काम त्यांच्याकडे असते. एक पदर तुटला तर मात्र वेगळी यंत्रणा धावते आणि तिच्या पुढाऱ्याचे नाव पार्प. पार्प थांबवले तर काय होईल? मुंबईहून पुण्याला जायला जुना घाट आहे आणि द्रुतगती मार्ग आहे. एक बंद पडला तर वाहतूक दुसऱ्यावरून रडतखडत का होईना, पोचते. पण जुन्या घाटात आधीच दरड कोसळलेली असताना द्रुतगती मार्गही बंद केला, तर गाड्या जागच्या जागी अडकतात. निरोगी पेशीत पार्प थांबवले, तरी बीआरसीएचा रस्ता मोकळा असतो. कर्कपेशीत तोच खचलेला असतो. औषध पार्पला डीएनएवरच अडकवून ठेवते, पेशी विभागताना डीएनएची नक्कल तिथे येऊन आदळते, दोन्ही पदर तुटतात आणि जोडणारे कोणीच उरत नाही.

यात मला सर्वांत विलक्षण वाटते ते असे. सदोष बीआरसीए घेऊन जन्मलेल्या स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक प्रत बिघडलेली असते, पण दुसरी शाबूत असते, तेवढी पुरते. गाठीने मात्र वाढता-वाढता ती दुसरी प्रतही गमावलेली असते. म्हणून एकच गोळी त्याच शरीरातल्या गाठीला मारते आणि बाकीच्या पेशींना बरीचशी सोडते. रक्तक्षय, मळमळ, थकवा हे त्रास होतात. तरी नेहमीच्या केमोथेरपीपुढे हा वेगळाच मामला आहे. २००५ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात लंडनच्या अ‍ॅलन अ‍ॅशवर्थ यांच्या आणि शेफील्डच्या थॉमस हेलेडे यांच्या गटांनी हे प्रयोगशाळेत दाखवले. २०१४ च्या डिसेंबरात ओलापॅरिब हे पहिले पार्परोधक औषध बाजारात आले. बीआरसीएचा दोष असलेल्या प्रगत अंडाशयाच्या कर्करोगात, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर ते देऊन पाहिले, तेव्हा तीन वर्षांनी ६० टक्के स्त्रियांचा रोग उलटलेला नव्हता. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होते.

आणि इथेही गाठीची चलाखी थक्क करणारी. काही रुग्णांत औषध लागू पडेनासे झाल्यावर पाहिले, तर मोडलेल्या बीआरसीए जनुकात दुसरी मोडतोड होऊन त्याचे वाचन पुन्हा जागेवर आले होते. दोन चुकांनी मिळून जनुक दुरुस्त केले होते. २००८ मध्ये ही गोष्ट प्रथम सिद्ध झाली.

केरास या जनुकाची कथा थोडक्यात, पण सोडून देण्यासारखी नाही. माणसाच्या कर्करोगात त्याचा हात असल्याचे १९८२ पासून माहीत होते. त्याचे प्रथिन गुळगुळीत. औषध चिकटायला खाच नाही, आणि ते ज्या जीटीपी रेणूला धरते त्याला इतके घट्ट धरते, की स्पर्धा अशक्य. तीस वर्षे ‘याला औषध नाही’ असेच म्हटले जाई. केरासच्या बदलांतला एक प्रकार तंबाखूच्या धुराने होणाऱ्या डीएनएच्या इजेतून येतो. त्यात बाराव्या जागेवरचे ग्लायसिन जाऊन सिस्टिन येते. सिस्टिनमध्ये गंधक असते आणि गंधकाशी पक्का रासायनिक बंध जोडता येतो. निरोगी केरासमध्ये त्या जागी गंधक नाही. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे केव्हन शोकॅट यांनी या गंधकाला धरून प्रथिनाच्या पोटात दडलेली खाच शोधली आणि मे २०२१ मध्ये सोटोरासिबला मान्यता मिळाली. गाठी आकसतात त्या तिनांपैकी एकाहून थोड्या अधिक रुग्णांत, आणि बहुतेकांत काही महिन्यांपुरत्या. यशाच्या बातम्या वाचताना हे विसरू नये.

तसेच बदल कळला म्हणजे औषध कळले, असेही नाही. बीआरएएफ या जनुकातला ६००व्या जागेवरचा बदल त्वचेच्या मेलानोमात निम्म्या रुग्णांत असतो आणि तिथे २०११ मध्ये आलेल्या वेम्युराफेनिबने गाठी झपाट्याने वितळतात. मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत अगदी तोच बदल असतो, पण तेच औषध जवळजवळ वाया जाते. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१२ मध्ये कारण दाखवले: आतड्याच्या पेशीत बीआरएएफ दाबले, की ईजीएफआर उसळून त्याची जागा घेते. दोघांना एकदम दाबले तर गाठ नमते. मर्मस्थान जनुकात असते तसे ते अवयवातही असते.

गाठीच्या नकळत झालेल्या नुकसानीतून निघालेली मर्मे आता पुढे येत आहेत. पेशीविभाजनाला लगाम घालणारे एक जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. ते घालवण्यासाठी कर्कपेशी तो सगळा भागच गमावते आणि शेजारचे एमटॅप हे निरुपद्रवी जनुकही त्याबरोबर जाते. एमटॅप नसल्याने पेशीत एक टाकाऊ रेणू साचतो आणि तो पीआरएमटी-५ या अत्यावश्यक प्रथिनाला अर्धवट अडकवतो. २०१६ मध्ये हे लक्षात आले. आता असे रेणू बनवले आहेत, की जे पीआरएमटी-५ला धरतात ते तो टाकाऊ रेणू आधीच चिकटलेला असला तरच. माणसाच्या एकूण कर्करोगांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांत एमटॅप गेलेले असते, स्वादुपिंडाच्या आणि मेंदूच्या काही गाठींत त्याहूनही अधिक. या औषधांच्या रुग्णांवरील चाचण्या सुरू आहेत.

घरात कोणाला कर्करोग निघाला, तर उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा, की या प्रकारच्या गाठीत जनुकांची तपासणी करायची असते का. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात आणि अंडाशयाच्या कर्करोगात तर विचाराच. बीआरसीएचा दोष निघाला, तर रुग्णाच्या बहिणींनी, भावांनी आणि सज्ञान मुलांनीही सल्ला घ्यावा, कारण तो पुरुषांकडूनही पुढे जातो. आणि बायोप्सीचा मेणातला ब्लॉक रुग्णालयातून मागून घेऊन जपून ठेवा. पुढची तपासणी बहुधा त्याच्यावरच करायची असते.